वाळवंटाचे देणे



आपण वारी करता. कुणी आषाढीची, कुणी आषाढी-कार्तिकीची, कुणी माघी आणि चैत्री धरून चारही. म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात आपण कितीदा तरी उभे राहिला आहात. तरीही एक विचारतो, रागावू नका. आपण वाळवंट पाहिले आहे का? मी छत्तीस वर्षे वारी केली आणि पाहिले नव्हते. दशमी-एकादशीला तिथे दिसतात ती माणसे, पताका, ओल्या धोतरांच्या रांगा, आणि दर दहा पावलांवर एक कीर्तन. पायाखाली वाळू आहे एवढे तळव्यांना कळते, पण डोळ्यांना ती दिसत नाही.

गेल्या वर्षी कार्तिकीला घरात सुतक आले आणि वारी चुकली. जीव लागेना, म्हणून मार्गशीर्षात एकटाच पंढरपूरला गेलो आणि तीन दिवस राहिलो. तेव्हा वाळवंट पाहिले. पाहून जे कळले ते आपल्यापुढे मांडायचे आहे. त्यात माझ्या पदरचा दोषही आहे. तो लपवून लिहिले तर लिहिण्यात अर्थ नाही.

पहाटे काकड्यानंतर महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेलो. नदी एका कडेला सरकून बारीक वाहत होती. मधे पुंडलिकरायाचे मंदिर, आणि त्याच्या चहूबाजूंनी मोकळी, गार वाळू. गावातली वयस्क मंडळी कानटोप्या घालून फेऱ्या मारत होती. दोघेतिघे वाळूत बसून प्राणायाम करत होते. पाण्याच्या कडेला बगळे एका पायावर उभे होते. ऊन वर आले तशी मुले बॅट घेऊन आली. वाळूत चेंडू उसळत नाही, म्हणून त्यांनी ओलसर, घट्ट पट्टा शोधून तिथे खेळपट्टी केली होती. संध्याकाळी घरोघरच्या बायका लेकरांना घेऊन उतरल्या. कुणी होडीतून पुंडलिकापर्यंत फेरी मारली, कुणी द्रोणातला दिवा पाण्यात सोडला, कुणी नुसतेच चणे-फुटाणे खात सूर्य मावळेपर्यंत बसले. शहराला बाग नाही असे नाही, यमाई तलावाकाठी तुळशी वृंदावन झाले आहे आणि ते सुरेख आहे. पण पंढरपूरकराला मोकळा श्वास घ्यायचा असला की त्याचे पाय घाटाकडेच वळतात.

मार्गशीर्षात देव विष्णुपदावर मुक्कामाला असतो अशी श्रद्धा आहे. त्यामुळे त्या महिन्यात गावातली कुटुंबे भाकरी, पिठले, मिरचीचा ठेचा बांधून गोपाळपूरच्या वाटेवर विष्णुपदाला जातात आणि नदीकाठी वनभोजन करतात. मीही दुसऱ्या दिवशी गेलो. ओळख ना पाळख, पण एका माउलीने हाक मारून पंगतीत बसवले आणि पानात भाकरी वाढली. देवसुद्धा देऊळ सोडून महिनाभर नदीच्या वाऱ्यावर येऊन राहतो, मग माणसाला तिथे बरे वाटले तर नवल काय, असे तेव्हा मनात आले.

आता या जागेचे नावच पाहा. शाळेत पोराला विचारा, वाळवंट म्हणजे काय? तो सांगेल, जिथे पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही ते. आणि वारकऱ्याला विचारा, तर त्याच्या डोळ्यांपुढे लाखो माणसे येतात. एकच शब्द आहे, पण आपण त्याचा अर्थ उलटा करून घेतला आहे. कशामुळे? तर या वाळूला दार नव्हते. राऊळाला दार होते, उंबरा होता, आणि उंबऱ्याबाहेर कुणी थांबायचे हेही ठरलेले होते. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर नामदेव पायरीसमोर आहे, ती आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. त्या राऊळाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना इथे उपोषण करावे लागले. वाळवंटासाठी मात्र कुणाला उपोषण करावे लागले नाही. संप्रदायाची परंपरा सांगते की नामदेवराय याच वाळवंटात कीर्तनाला उभे राहत आणि संतांचा मेळा इथेच जमे. आजही अनोळखी माणसे इथे एकमेकांच्या पाया पडतात, आणि पाया पडण्यापूर्वी कुणी कुणाची जात विचारत नाही. वाळूत बसले की पाटावरचा आणि जमिनीवरचा असा भेद करताच येत नाही. सगळ्यांची बैठक एकच.

ही वाळू आली कुठून, याचा विचार मी कधी केला नव्हता. भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. वाटेत तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते. देहू आणि आळंदी याच इंद्रायणीच्या काठी. पुढे मुळा-मुठेचे पाणी येते, घोड येते, आणि नीरा-नरसिंहपूरला नीरा येऊन मिळते. ज्या नीरेत माऊलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुकांना स्नान घालतात, तीच ही नीरा. म्हणजे पालख्या जमिनीवरून येतात आणि ही पाणी होऊन येतात. वारी दोघांचीही पंढरीचीच. या नद्या येताना सह्याद्रीचा काळा दगड झिजवत येतात. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तर तिला चंद्रभागा म्हणायचे. नदी वळली की वळणाच्या आतल्या बाजूचे पाणी मंद होते, आणि मंद झालेले पाणी हातातले ओझे खाली ठेवते. असा कण कण ठेवून वाळवंट झाले. त्याला किती पिढ्या लागल्या असतील ते पांडुरंगालाच ठाऊक.

आमची आजी वारीत नदीचे पाणी ओंजळीने उचलून पीत नसे. वाळूत हाताने वीतभर खड्डा करायची आणि थांबायची. थोड्या वेळात तळाशी नितळ पाणी पाझरायचे. त्याला ती झिरा म्हणायची. पहिले पाणी उपसून टाकायची, दुसरे पांडुरंगाला दाखवायची आणि तिसरे आम्हाला पाजायची. वाळू पाणी गाळते, साठवते, आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू देत राहते, हे विज्ञान आजीला कुणी शिकवले नव्हते. पण झिरा कुठे काढावा हे तिला बरोबर माहीत होते. आज त्या वाळवंटात झिरा काढून लेकराला पाणी पाजण्याचे धाडस आपण कराल का? मी करणार नाही. वरच्या शहरांचे सांडपाणी इंद्रायणी आणि मुळा-मुठा घेऊन येतात, ते उजनीत साठते आणि तिथून पुढे येते. २०१६ साली शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ ही मोहीम जाहीर केली, तिचे कारण हेच. पण पाण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला वाळूबद्दल सांगायचे आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी घाटावरची वर्दळ नको म्हणून वाळवंटातून चालत बराच लांब गेलो. एका ठिकाणी पाणी गुडघ्याएवढे दिसले. सदरा काठावर ठेवला, नाम घेतले आणि आत शिरलो. चार पावले गेलो असेन. पाचव्या पावलाला पायाखालची वाळू सरकली, जशी धान्याच्या राशीत पाय घातल्यावर सरकते तशी. मी सावरायला मागे रेललो तर मागचीही सरकली. पुढच्या क्षणी पाणी डोक्यावरून गेले. मला पोहता येते. पण थंडीने हातपाय आखडले होते, आणि काठ धरायला जावे तर काठच हातात येत होता. तोंडात पाणी आणि वाळू. खरे सांगतो, त्या वेळी मला विठ्ठल आठवला नाही. घराची कडी आतून लावली आहे आणि मला आत जाता येत नाही, असे काहीतरी वाटले.

एका होडीवाल्याने पाहिले होते. त्याने बांबू पुढे केला, मी धरला, आणि त्याने मला होडीच्या कडेला ओढून घेतले. काठावर आणून बसवले, स्वतःची घोंगडी अंगावर टाकली. मी थोडा शुद्धीवर आल्यावर म्हणालो, “बाबा, इथे डोह आहे हे माहीत नव्हते.” तो चाळिशीचा माणूस. त्याने तोच बांबू त्या जागी उभा धरून खाली सोडला. बांबू संपला तरी तळ लागला नाही. मग म्हणाला, “माऊली, डोह देवानं केलेला असतो. हा देवानं केलेला न्हाई. हितली वाळू नेली.”

त्याने मग सगळे सांगितले. रात्री यंत्रे येतात, ट्रॅक्टर येतात. जिथे ट्रॅक्टर उतरत नाही तिथे गाढवांच्या पाठीवरून वाळू वर जाते. एका जागी खोल उपसले की खड्ड्याचे काठ आतून पोकळ राहतात. वरून पाहणाऱ्याला वाळूच दिसते, पण तिच्याखाली आधार नसतो. आषाढीला स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात, तेव्हा हे खड्डे पाण्याखाली जातात आणि वारकरी नेहमीच्या विश्वासाने पाऊल टाकतो. “कितीजण काढले मी,” तो म्हणाला, “समदेच जिते न्हाई.” मी विचारले, पुराने हे खड्डे भरून येत नाहीत का? तो म्हणाला, पहिल्यासारखे येत नाहीत. मागाहून मी विचार केला तेव्हा ते पटले. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. नदी वरून जो गाळ आणि वाळू आणते ती धरणाच्या शांत पाण्यात तळाला बसते. पाणी दरवाजातून पुढे येते, वाळू मागे राहते. म्हणजे पूर्वी नदी नेलेले परत आणून द्यायची, आता ती वाट अडली आहे. आज इथून उचललेली वाळू ही मुदलातून काढलेली वाळू आहे.

मी त्याला पैसे देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत. मग मला वाईट वाटू लागले, वाळू चोरणाऱ्यांचा राग येऊ लागला. ओल्या अंगाने बसून मी मनात त्यांना शिव्या देत होतो. आणि माऊली, त्या शिव्या देता देता मला माझे घर आठवले.

आमचे गाव भीमेपासून फार दूर नाही. अकरा वर्षांपूर्वी आम्ही जुने धाब्याचे घर पाडून स्लॅबचे बांधले. बारा ब्रास वाळू लागली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आपल्याला माहीत असेल. ती वाळू रात्री दीडच्या सुमारास आली. दिवे विझवून ट्रॅक्टर आले, अंगणात ओतून गेले. पावती नव्हती. मी विचारली नाही. बाजारापेक्षा स्वस्त पडली म्हणून मला आनंद झाला होता. वाळू चाळताना त्यात शिंपले निघाले, ते आमच्या नातीने डबीत जमवले. गृहप्रवेशाला त्याच स्लॅबखाली हरिपाठ झाला. मी तुळशीची माळ घालतो, एकादशी करतो, दारात ट्रॅक्टरमधून वाळू उतरताना माझ्या हातात टॉर्च होता. मी ज्या खड्ड्यात पडलो तोच मी खणला असे नाही, पण कुठला तरी एक खणला, हे नक्की. त्यात कुणी पडले का, हे मला कधीच कळणार नाही.

आपण म्हणाल, नाना, सगळेच घेतात. बरोबर आहे. घर बांधायला वाळू लागतेच, आणि तेव्हा मार्ग दुसरा नव्हता असेही मी मनाला सांगून पाहिले. पण दुसरा मार्ग होता. खडी फोडून केलेली क्रश सँड तेव्हाही मिळत होती, महाग पडत होती एवढेच. मी महाग टाळले.

घरी आल्यावर ही गोष्ट मला लगेच उपयोगी पडली, किंवा आडवी आली म्हणा. धाकट्याचे लग्न ठरले होते आणि वर एक खोली चढवायची होती. वाळूचे बोलणे आधीच झाले होते. मी म्हणालो, नदीची वाळू आणायची नाही. पोरगा म्हणाला, “नाना, खालच्या मजल्याला चालली, वरच्याला का चालत नाही?” याला उत्तर नव्हते. मी म्हणालो, खालच्याला चालवली ती चूक झाली, एवढेच उत्तर आहे. दोन आठवडे घरात बोलणे बंद होते. शेवटी क्रश सँडच आणली. वाढीव खर्चासाठी एक शेळी विकली आणि खोली दोन फुटांनी लहान केली. सून आली, नांदते आहे. खोली लहान आहे असे ती म्हणते, आणि ते खरेच आहे.

याहून अवघड गोष्ट पुढे आली. आमच्या गावात हरिनाम सप्ताह होतो. काल्याच्या दिवशीची पंगत गेली काही वर्षे ज्यांच्याकडून असते, त्यांचेच ट्रॅक्टर रात्री नदीला जातात. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. मी चावडीत न बोलता त्यांच्या घरी गेलो आणि जे झाले ते सांगितले. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “नाना, तुमच्या स्लॅबलाही मीच दिली होती.” मी म्हणालो, म्हणूनच तुमच्याकडे आलो, दुसऱ्या कुणाकडे जायचा मला अधिकार नाही. त्यांनी चहा पाजला. पंगत यंदाही त्यांचीच झाली. मी सप्ताहात सातही दिवस टाळ धरला, पण काल्याच्या दिवशी पंगतीला बसलो नाही, घरी येऊन भाकरी खाल्ली. काहींना ते लागले. प्रसाद नाकारला असे म्हणाले. मी प्रसाद नाकारला का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आपल्यापैकी कुणी जाणते असतील त्यांनी मला जरूर सांगावे.

आणखी एक गोष्ट बोलून थांबतो. वाळवंटातून आपण फक्त नेतच नाही, तिथे टाकूनही येतो. एके काळी दिंड्यांचे मुक्काम वाळवंटातच पडत. त्यातून झालेली घाण माणसांना हातांनी उचलावी लागे. शेवटी प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वाळवंटातल्या तंबू-राहुट्यांवर निर्बंध आले. नदीपलीकडे ६५ एकरांची जागा दिंड्यांसाठी तयार झाली, तिला भक्तिसागर म्हणतात. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना वाईट वाटले, मलाही वाटले. आपले वाळवंट आपल्यालाच बंद, असे आम्ही म्हणत होतो. पण ज्या वाळूत आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो, ती कुणीतरी दुसऱ्याने हाताने साफ करायची, हे आपल्यालाच कसे चालले? समतेची जागा म्हणून आपण जिचा अभिमान धरतो, तिथेच आपण एक माणूस खाली ठेवला होता. तो निर्बंध न्यायालयाने घालण्याआधी आपण स्वतःला घालायला हवा होता, असे आता वाटते.

आपल्याला मी काही मोठे व्रत सांगत नाही. स्नान झाल्यावर जुने कपडे पाण्यात सोडण्याची चाल आहे, ती सोडावी. निर्माल्य आणि पत्रावळी पिशवीत घालून वर आणाव्यात. दिंडीप्रमुखांनी निघण्यापूर्वी आपल्या जागेवरून एक फेरी मारावी. आणि घर बांधायला काढाल तेव्हा वाळू कुठून आली हे विचारावे, पावती मागावी, आणि ती मिळत नसेल तर महाग पडले तरी दुसरी घ्यावी. मुक्कामातून एखादा दिवस काढून, गर्दी नसताना, वाळवंटात नुसते बसावे. तिथे खेळणारी पोरे पाहावीत. ती जागा त्यांचीही आहे, आणि आपण गेल्यावर वर्षभर तीच ती सांभाळतात.

माघी वारीला मी पुन्हा त्या जागेवर गेलो. होडीवाला भेटला. त्याने त्या खड्ड्याच्या कडेला एक लांब बांबू रोवला होता आणि टोकाला भगव्या कापडाची चिंधी बांधली होती. लांबून पाहणाऱ्याला ती पताका वाटावी. मी विचारले, “ही कुणी सांगितली लावायला?” तो म्हणाला, “कुणी न्हाई. पूर आला की वाहून जाती, पुन्हा लावतो.” त्या दिवशी मी घरून आणलेले दोन बांबू त्याला दिले.

आपण आषाढीला स्नानाला उतराल तेव्हा पाण्यात अशी एकटी चिंधी दिसली, तर ती दिंडीची पताका समजू नका. तिच्यापासून लांबून चाला, आणि बरोबरच्यांनाही सांगा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.